पाहुण्यांना मशीन दिसत नाही

पाहुण्यांना या सगळ्यातून मिळणार होतं ते असं: काचेची एक खोली, तिच्यात चाकांची खुर्ची, आणि मशीन गार राहावं म्हणून बसवलेला एसी, जो मशीनच्या नावाने का होईना पण त्यांनाही लागणार होता. शिवाय डॉक्टरांचे फोन "मोठ्या बाईंना द्या" असं न म्हणता थेट येणार होते. गमावण्यासारखं म्हणाल तर प्लास्टरचं टेबल आणि केसांत कायमची बसलेली पांढरी पूड. त्या पुडीमुळे ते वयापेक्षा बरेच थोर दिसत, पण तेवढा जास्तीचा मान काही कोणी देत नसे. मिळकतीची बाजू भरलेली आणि नुकसानीची जवळजवळ कोरी, असा योग माणसाच्या वाट्याला क्वचित येतो, आणि आला की माणूस तो मन लावून नासवायला बसतो.

पाहुणे म्हणजे मोठ्या बाईंचे जावई, आणि मोठ्या बाई म्हणजे दात बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या मालकीण. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवत आणि इथून कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या तयार होऊन जात. एका तपापूर्वी सासरे आजारी पडले तेव्हा जावई "चार दिवस हात लावतो" म्हणून आले. सासरे गेले, जावई राहिले. पहिल्या दिवशी कोणीतरी "पाहुण्यांना चहा द्या" म्हणालं होतं. चहा त्या दिवशीच संपला. नाव साच्यात ओतल्यासारखं घट्ट बसलं. कामगार पाहुणे म्हणत, डॉक्टर पाहुणे म्हणत, मोठ्या बाईही तेच म्हणत. एकटा मेहुणा त्यांना दाजी म्हणे.

या मेहुण्याला, म्हणजे बाईंच्या मुलाला, कामगार त्याच्या पाठीमागे युवराज म्हणत. गादी कधी मिळणार हे तो कधी विचारत नसे. तो फक्त गादीच्या आसपास बसून असे, आणि दुसरं कोणी तिकडे फिरकलं की त्याला एखादं दूरचं काम आठवत असे.

अशात एका मोठ्या हॉस्पिटलने आपलं दातांचं सगळं काम या कारखान्याला द्यायचं मनावर घेतलं. त्यासाठी दात कोरणारं नवं मशीन आलं. कॉम्प्युटरवर दात रचायचा, वायफायवरून मशीनला पाठवायचा, आणि मशीन तो पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढतं. मशीनच्या काचेच्या खोलीत कोणी बसायचं हे बाईंनी अजून सांगितलं नव्हतं. "हॉस्पिटलचा माणूस तपासायला येईल, त्या दिवशी ठरवते," एवढंच त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी त्यासाठी दात रचायचा कोर्स केला होता. युवराजने केला नव्हता, पण त्याला खुर्ची आवडली होती.

हॉस्पिटलची अट एकच होती. रुग्णांच्या जबड्यांची चित्रं नावागावासकट नेटवरून येणार. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला ती आपल्या फोनवर दिसता कामा नयेत. आता कारखान्याचं जुनं वायफाय म्हणजे सार्वजनिक नळ होता. पासवर्ड भिंतीवर लिहिलेला, आणि शेजारचा शिंपी, वरच्या मजल्यावरची शिकवणी, सगळे त्यातून भरून घेत. तेव्हा बाईंनी वायफायवाल्या बाईला बोलावलं. तिने छताला ताटाएवढी एक पांढरी चकती बसवली.

"हिला विजेची वायर कुठे आहे?" मोठ्या बाईंनी खालून विचारलं.

"वेगळी नाही. एकाच वायरीतून वीजही जाते आणि नेटही."

"एका पगारात दोन कामं," बाई म्हणाल्या. "बरी आहे."

"चकती एक, पण वायफाय दोन निघतील. एक तुमच्या माणसांसाठी, एक बाकावरच्यांसाठी. बाकावरच्यांना नेट मिळेल, पण तुमचं मशीन, स्कॅनर, प्रिंटर काही दिसणार नाही. त्यांना एकमेकांचे फोनसुद्धा दिसणार नाहीत. नावं काय देऊ?"

"एक घरचे आणि एक पाहुणे," बाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांच्या मनात बाकाखेरीज काही नव्हतं. माणसाला रोज एकाच नावाने हाक मारली की ते नाव आहे हेच विसरायला होतं.

"घरच्यां"ना प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड मिळाला. एक कामगार सोडून गेला तर त्याचाच बंद करायचा, बाकीच्यांना त्रास नाही. सगळ्यांची नोंद झाली. पाहुणे त्या दिवशी एका डॉक्टरांकडे रुग्णाच्या दाताचा रंग जुळवायला गेले होते. चकतीचा कारभार तात्पुरता युवराजकडे होता. नवं माणूस कसं घालायचं ते वायफायवाल्या बाईने त्याला दाखवलं.

"दाजींचं घालायला विसरू नकोस," बाई म्हणाल्या.

"नाही विसरणार," युवराज म्हणाला. आणि तो विसरला नाहीच. पुढचा महिनाभर त्याला ते रोज आठवत होतं.

पाहुणे परत आले, लॅपटॉप उघडला, आणि यादीत दोन नावं दिसली.

"हे काय रे?"

"नवं वायफाय, दाजी."

"मग मी हे खालचं घ्यायचं?"

"नाव तर तुमचंच दिसतंय," युवराज म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. खोटं बोलण्यात जोखीम असते आणि युवराज जोखीम घेणाऱ्यातला नव्हता. तो फक्त खरं कुठे संपवायचं हे जाणून होता. पाहुण्यांनी आपलं नाव दाबलं. पडद्यावर पान आलं: "या पाहुणे, आपलं स्वागत आहे." एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या इमारतीत त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलंसुद्धा. "तुझ्या आईने माझं वेगळं वायफाय काढून दिलंय." बायको म्हणाली, "आईने? बरं," आणि भाजी हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढ रचली, पाठवायला गेले, तर मशीनच दिसेना. मेल येत होते, बातम्या दिसत होत्या, शेजारच्या खोलीतलं मशीन तेवढं नव्हतं. युवराज म्हणाला, "सवय व्हायला लागते, दाजी. तोवर मला द्या, मी पाठवतो." तो पाठवी आणि दात मशीनमधून बाहेर आला की आईकडे नेऊन दाखवी. कोणी रचला हे दातावर लिहिलेलं नसतं.

शेवटी पाहुण्यांनी वायफायवाल्या बाईला फोन केला.

"मला मशीन दिसत नाही."

"घरचे की पाहुणे?" तिने विचारलं.

"पाहुणे," ते म्हणाले. कोण बोलतंय असं ती विचारतेय, असं त्यांना वाटलं.

"मग बरोबर आहे. पाहुण्यांना मशीन दिसू द्यायचं नाही, तसंच करून ठेवलंय."

"कोणी सांगितलं?"

"मोठ्या बाईंनी. दोनदा बजावलं."

"दोनदा?"

"पाहुण्यांना नेट द्या म्हणाल्या, पण आतल्या कशाला त्यांचा हात लागता कामा नये. कोण कसं निघेल काय सांगावं, म्हणाल्या. आणि त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत, हो ना?"

पाहुण्यांनी फोन ठेवला. त्यानंतर प्लास्टर कालवायला घेतलं ते इतकं कालवलं की भांड्यातच दगड झाला.

"मी विचारते आईला," बायको म्हणाली.

"विचारायचं नाही. मला हवं असेल तर मी माझ्या अकलेने आत जाईन. आत गेलो की सासूबाईंना सांगेन, बघा, आलो."

आता जावयाचा मान दुखावला की तो जेवत नाही, बोलत नाही, फार तर तीर्थयात्रेला जातो. पाहुण्यांनी वायफायचा अभ्यास सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं, येता-जाता व्हिडिओ. बायकोने त्यांचे उसासे ऐकून घेतले. नेटला कुठली कुठली उपकरणं जोडलेली असतात, त्यांचे पत्ते काय असतात, हे तिलाही पाठ झालं. कारखान्यात कामगारांना ते कधी स्टुलावर दिसत, कधी टेबलाखाली. युवराज आईला सांगे, "दाजींना मशीन काही जमत नाहीये, बिचारे खूप खटपट करतात." 'बिचारे' हा शब्द त्याने फार जपून वापरला, रोज एकदाच.

मोठ्या बाई ऐकत. मनातली एक खुर्ची त्या हळूहळू मुलाकडे सरकवू लागल्या होत्या.

मग हॉस्पिटलचा तपासनीस आला. पाठीवर बॅग, चेहऱ्यावर काही नाही. त्याने चहा नको म्हटलं, खुर्चीही नको म्हटली आणि बाहेरच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडला. "मी बाकावरचा माणूस," तो म्हणाला. "मला जेवढं दिसेल तेवढं बघतो. दिसलं तर तुम्ही नापास."

बाई आत वळल्या. "पाहुणे, जरा बसा त्यांच्याजवळ. कोणीतरी असावं."

पाहुणे शेजारी बसले. तपासनिसाने "पाहुणे" हे नाव दाबलं. स्वागताचं पान आलं. पाहुण्यांनी नजर वळवली. हा मानही आता वाटला जातोय, असं त्यांना वाटलं असावं.

तपासनिसाने पहिल्यांदा आजूबाजूचे फोन, मशीनं शोधायला घेतली.

"काही सापडणार नाही," पाहुणे हळूच म्हणाले.

"का?"

"यात प्रत्येकाला एकटं ठेवतात. तुम्ही आणि मी शेजारी बसलोय, पण तुमच्या लॅपटॉपला माझा दिसणार नाही. मी बायकोचा फोन आणून पाहिलाय."

तपासनिसाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मशीनचा पत्ता सरळ टाइप करायला सुरुवात केली.

"तेही नाही. पत्ता बरोबर असला तरी वाट मध्येच तोडलीय. मी मशीनच्या मागच्या पट्टीवरचा नंबर उतरवून आणला होता."

"तुम्ही?"

"हो. भिंतीतलं नेटच्या वायरीचं सॉकेट बघणार असाल तर तेही बघून घ्या." पाहुणे आता थोडे खुलले होते, महिनाभर मनात साठलेलं ऐकणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. "मी घरचा जुना राउटर आणून तिथे लावला. सॉकेट आधी ओळख विचारतं. ओळख नाही म्हटल्यावर राउटरवरचा नेटचा लाइटसुद्धा लागू दिला नाही त्याने. सासुरवाडीत असा अपमान माझाही झाला नव्हता."

"पासवर्ड ओळखायचा प्रयत्न?"

"केला. सासूबाईंच्या लग्नाची तारीख, सासऱ्यांची जन्मतारीख, कारखान्याचा फोन नंबर. चार-पाच चुका झाल्या की तुम्हालाच काही वेळ बाहेर बसवतात. मग मी प्लास्टर कालवून परत यायचो."

तपासनिसाने लॅपटॉप अर्धा मिटला. तो आता चकतीकडे पाहत होता. "तिच्या मागे एक बारीक भोक असतं. तारेने दाबलं की सगळी सेटिंग पुसली जातात."

"मेण कोरायच्या सुईने प्रयत्न केला होता. चकती पट्टीत कुलूपबंद आहे. फिरवायला तिचीच किल्ली लागते. वर चढून मिळालं काय, तर डोक्यात छताचा चुना. चुन्याचं काही नाही, आमच्या डोक्यात आधीच पुष्कळ आहे."

"आणि समजा दाबलं गेलं असतं?"

"तर सगळं बंद पडलं असतं. उघडलं नसतं. त्यात आपला फायदा काय?"

तपासनीस पहिल्यांदाच हसला. तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. मागे युवराज, कारण बाई कुठे गेल्या की तो मागे असे. तपासनिसाने त्यांना थांबा अशी खूण केली. "शेवटचं. तुम्ही खोटं वायफाय उभं केलं होतं का? घरच्यांचंच नाव देऊन?"

पाहुण्यांनी खिशातला फोन चाचपला. मग म्हणाले, "केलं होतं. माझ्या फोनवर. फोनला नाव दिलं, घरचे. म्हटलं, कोणाचा तरी लॅपटॉप चुकून माझ्याकडे येईल आणि मला पासवर्ड सांगेल."

"आला?"

"एकही नाही. त्यांचे लॅपटॉप आधी खरं-खोटं तपासतात. मी कितीही घरचे म्हटलं तरी कोणी मानलं नाही."

बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"पाहुणे, तुम्ही हे काय करत होतात?"

"आत यायचा प्रयत्न करत होतो, आई. तुम्ही दोनदा बजावलं होतं ना, पाहुण्यांना मशीन दिसू द्यायचं नाही म्हणून?"

"बजावलं होतं. त्यात चूक काय?"

"काही नाही. फक्त का, ते सांगा."

"का म्हणजे? येणारा कोणीही, कुठला कोण, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

"एवढी वर्षं ठेवलात तो?"

"बाकावरच्यांवर मी कधी भरवसा ठेवला?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांची वाक्यं एकाच शब्दावरून जात होती, पण वाट कुठेच मिळत नव्हती. तपासनिसाने पाहुण्यांचा लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हे तुमच्या कारखान्यातले आहेत ना? मग हे बाकावरच्यांच्या वायफायवर का आहेत?"

मोठ्या बाईंनी पडद्यावरचं नाव वाचलं. मग जावयाकडे पाहिलं. मग त्यांचा हात तोंडावर गेला, आणि कारखान्यातल्या जुन्या माणसांनाही आठवत नाही अशा प्रकारे मोठ्या बाई हसायला लागल्या. हसता हसता बाकाच्या कडेला टेकल्या.

"अहो, ते बाकाचं नाव आहे. तुमचं नाही."

पाहुण्यांना उलगडायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मी महिनाभर बाकावर होतो?"

"बाकावर बसून जेवढं करता येतं तेवढं तुम्ही सगळं केलंत," तपासनीस म्हणाला. "माझ्या यादीत यापेक्षा दोन गोष्टी कमी आहेत. मी अर्ध्या दिवसात काय शोधणार होतो? तुम्ही मनापासून शोधलंय. चकती पास."

कामगार दारात जमले होते. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग थांबता येईना म्हणून सगळ्यांनीच वाजवली.

"पण एक राहिलं," तपासनीस म्हणाला. "खोटं वायफाय उभं राहिलं की ही चकती ओळखते आणि कारभाऱ्याच्या फोनवर इशारा पाठवते. यांनी ते उभं केलं तेव्हा इशारा गेला असणार. कोणाला गेला?"

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी ज्याच्याकडे पाहिलं तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"आला होता," युवराज म्हणाला. "मला माहीत होतं, दाजीच आहेत. गंमत वाटली."

"तुला माहीत होतं ते दाजी आहेत," बाई म्हणाल्या. "आणि ते बाकावरच्यात आहेत, हे?"

"तेही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी खोटं काही बोललो नाही, आई."

"खरं काय बोललास ते आठवतेय," बाई म्हणाल्या. "रोज एकदा बिचारे."

तपासनिसाने बॅग उचलली. "घरातलं भांडण तुम्ही घरात मिटवा. माझ्या कागदावर एवढंच जाईल: चकतीने हाक मारली, ऐकणाऱ्याने दाबली. चकती पास, कारभारी नापास. कारभारी बदलला तर उद्यापासून काम सुरू."

"बदलला," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना त्यासाठी श्वासही घ्यावा लागला नाही. त्या जावयाकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि अडखळल्या, कारण जिभेवर जो शब्द आला तो आता बाकाचा झाला होता. "तुम्ही," त्या म्हणाल्या. "किल्ली तुमच्याकडे. खोलीही तुमच्याकडे. आधी स्वतःला घरच्यांत घाला. कसं घालायचं माहीत आहे?"

"तेवढंच माहीत नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं माहीत आहे."

युवराजने दाखवलं. दाखवताना त्याचा आवाज लहान झाला होता. त्यांनी नाव घातलं, पासवर्ड ठरवला, हात पुसले, आणि सकाळी रचून ठेवलेली दाढ पाठवली. काचेपलीकडे मशीन घरघरलं, पाण्याची धार सुटली, आणि ठोकळ्यातून दाढ हळूहळू वर येऊ लागली. अख्खा कारखाना काचेला नाक लावून बघत होता. बायकोला त्यांनी फोन केला तेव्हा फक्त म्हणाले, "ऐक," आणि फोन मशीनजवळ धरला. ती म्हणाली, "हे काय आहे?" ते म्हणाले, "माझं काम."

आता कोणी काय मोजलं ते बघू. वायफायवाल्या बाईने काही मोजलं नाही. उलट तिला शिंपी आणि शिकवणी अशी दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली, कारण नळ आटल्यावर दोघांनाही स्वतःची सोय करावी लागली. जावयाने केसांतली पूड दिली आणि चार-पाच वर्षं परत घेतली. बायकोने महिनाभराचे उसासे आगाऊ भरले होते, ते तिने व्याजासकट वसूल केले, आणि अजून करते. मोठ्या बाईंना एका शब्दावर पाणी सोडावं लागलं. त्या आता जावयाला त्यांच्या नावाने हाक मारतात आणि मारण्याआधी एक क्षण थांबतात, तेवढा क्षण त्यांच्या खात्यावर पडतो. सगळ्यात जास्त पडलं युवराजच्या नावावर. हॉस्पिटलने अट घातली की दर महिन्याला कोणीतरी बाकावर बसून आत शिरायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा. ते काम दाजींनी त्याला दिलं, आणि प्रयत्न मनापासून झाला की नाही, हे दाजींना बघितल्या बघितल्या कळतं.